दोन हात बाजूने

“हे नको हो ताई, खाली घ्या,” ड्रॉइंगचे सर म्हणाले आणि ताईंनी हातातली फुलदाणी, म्हणजे फुलदाणीचं चित्र, परतीच्या ढिगात ठेवलं.

मंडळ हौशी लोकांचं. आसपासच्या चित्रकारांना वर्षातून एकदा तरी प्रदर्शनात भिंत मिळावी म्हणून चालवलेलं. पगार कुणालाच नाही, त्यामुळे रुसवे भरपूर. निवडीची पद्धत मात्र कडक. नावावर कागद चिकटवायचा, सेक्रेटरी म्हणून ताईंनी चित्र समोर धरायचं आणि चौघा परीक्षकांनी हात वर करायचे. समसमान झाले तर कौल ताईंचा. दिवसभर औषधांच्या दुकानात लोकांची दुखणी ऐकणाऱ्या ताई तो नेहमी चित्राच्याच बाजूने देत. परिणामी भिंतीवर दरवर्षी काही भयानक सूर्यास्त लागत आणि ते काढणारे ताईंना देव मानत.

“पुढचं.”

पुढचं ताईंनी उचललं. ते वडिलांचं होतं. वडील पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवणारे. गावभर त्यांची अक्षरं, पण चित्रकार म्हणून त्यांना कुणी कधी धरलं नाही. आता ते अंथरुणाला खिळले होते आणि डॉक्टर पुढच्या वर्षाबद्दल बोलायचं टाळत होते. चित्र हवाली करताना त्यांनी बजावलं होतं, “नाव झाकायला विसरू नकोस. मुलीने दिलेली भिंत नको मला. लोकांनी दिली तर घेईन.”

चित्रात बाजाराचा रस्ता होता. दुकानं, सायकली, माणसं, आणि दुकानांवरच्या सगळ्या पाट्या कोऱ्या.

“काम अर्धवट टाकलंय,” दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“आणि सावल्या बघा!” सर हसले. “ह्या दुकानाची इकडे, त्याची तिकडे. गावाला दोन सूर्य आहेत काय?”

“असेनात का,” फोटोग्राफर खुर्ची सरकवून पुढे आला. “पाट्या वाचायला नाहीत म्हणून मी माणसं बघितली. एरवी बाजारात माणसांकडे कोण बघतं?”

“उगाच अर्थ काढू नकोस.”

“अर्थ कसला काढतोय, बघतोय. तुम्हीही बघा की जरा!”

त्याचा हात वर गेला. मातीकाम शिकवणाऱ्या मावशी चित्राजवळ जाऊन बघून आल्या आणि त्यांनीही हात वर केला. दोन बाजूने, दोन विरुद्ध. ताईंचा कौल काय येणार ते ठाऊक असल्यामुळे सर पुढच्या चित्राकडे वळलेसुद्धा.

“माझं मत धरू नका,” ताई म्हणाल्या. “हे घरचं आहे. बाबांचं.”

डॉक्टरीणबाईंचा हात वर गेला. सरांचा त्याहून वर.

“अहो, आधी नाही का सांगायचं! पेंटरकाकांचं? लावा की, दारासमोरच लावा!” सर खुर्चीतून उठलेच. माणूस वाईट नव्हता, तीच तर पंचाईत होती.

“नाही सर. मतं मघाशीच झाली. माझा कौल नाही, म्हणजे चित्र नाही.”

“कमाल करता तुम्ही! एवढा ताठा कुणासाठी?”

“त्यांच्यासाठीच,” ताई म्हणाल्या आणि त्यांनी चित्र फुलदाणीशेजारी नेऊन ठेवलं.

संध्याकाळी ते काखेत घेऊन त्या घरी आल्या. वडील जागेच होते.

“लागलं?”

“नाही, बाबा.”

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. ताई पलंगाच्या कडेला टेकल्या.

“दोन हात होते बाजूने. नाव झाकलेलं असताना.” नंतरचे दोन त्यांनी हिशेबात धरले नाहीत. “भांडण झालं तुमच्या चित्रावरून. चांगलं तावातावाने.”

वडील हळूहळू कुशीवर वळले. “भांडले? माझ्या चित्रावरून?” जन्मभर गिऱ्हाइकांनी त्यांना एकच विचारलं होतं, पाटी कधी मिळेल?

ताईंनी चित्र समोरच्या खुर्चीवर उभं केलं. सरांचं दोन सूर्यांचं बोलणं तिच्याकडून ऐकून वडिलांनी चष्मा मागितला आणि चित्र बराच वेळ निरखलं.

“सावल्या चुकल्याच की गं. सर बरोबर बोलले.”

“आणि पाट्या कोऱ्या का ठेवल्या?”

“हात कापतो ना. माणूस वाकडा आला तर खपून जातो. अक्षर वाकडं आलं असतं तर आयुष्यभराचं नाव गेलं असतं.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “उशी उंच कर जरा. आणि पहिल्यापासून सांग. आधी कोण बोललं?”

ताईंनी उशी उंच केली आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंपासून सुरुवात केली.