मैनाला धुणारा डबा

साहेब, मैनाचा संसार तुम्ही मोडलात. आणि मोडताना मला हाताशी धरलंत.

मित्रांनो, मी एक जुना इनॅमलचा डबा आहे. पांढरा, निळ्या काठाचा. तळाशी तोटी, तोटीला लांब रबरी नळी. नाशकातल्या एका बायकांच्या दवाखान्यात मी खिळ्याला टांगलेला असे. माझ्यात औषधाचं कोमट पाणी भरायचं आणि नळीनं बाईच्या अंगात सोडून तिला आतून धुवायचं. याला डूश म्हणत. वाचून लाज वाटत असेल त्यानं खुशाल पान उलटावं. या लाजेपायीच पुढचं सगळं घडलं.

नवा होतो तेव्हा चकाकत होतो. नर्स लताबाई मला उकळून, पुसून ठेवत. दवाखान्याचे डॉक्टरसाहेब म्हणत, "याच्यासारखी सफाई दुसरी नाही!" मी फुगायचो. आज त्या फुगण्याची शिसारी येते.

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मैना आली. कडेवर लहानगी मुलगी. नवरा सावळीराम मनमाडला रेल्वेत, शनिवारी घरी येणारा. मैना लताबाईंच्या कानाशी लागली, "सिस्टर, अंगावरून पातळ जातंय. आन् वास... मासळीवानी. मालकांजवळ गेलं की मग लयच."

"साहेबांना सांग की."

"तुम्हीच सांगा बाई. मला नाय जमायचं."

लताबाईंनी सांगितलं. साहेब हसले. "नवरा आठवडाभर गावाला, आणि बायकोला हे दुखणं! बाहेरची भानगड असणार. दर शनिवारी डूश द्या."

दर शनिवारी मैना दात आवळून आडवी पडायची आणि मी तिच्यात रिता व्हायचो. रात्रीपुरतं बरं वाटे. मग वास दुपटीनं परत. ती बिचारी घरीही साबणानं आतून धुऊ लागली. मला कळत होतं, मी गेलो की हिचं बिघडतंय. तरी दर खेपेला भरलो, ओतला गेलो.

शेवटी सावळीराम स्वतःच आला. दारातच उभा राहिला. "साहेब, खरं काय ते सांगा. हिला झालंय काय? माझं डोकं फिरायची पाळी आलीय."

साहेबांनी मानही वर केली नाही. "तुझ्या बायकोलाच विचार."

झालं. त्यानं मैनाला देवळ्याला माहेरी नेऊन टाकलं. मुलगी सासूनं ठेवून घेतली.

पुढं साहेबांनी स्वतःचं मोठं हॉस्पिटल काढलं. इथं नव्या डॉक्टरीणबाई आल्या. एका बाईची तीच तक्रार. यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, काचेवर थेंब घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. "आतले राखण करणारे जंतू कमी झालेत, दुसऱ्यांची गर्दी झालीय. संबंधानंतर वास वाढणं हे या दुखण्याचं लक्षणच आहे. गोळ्या देते. आतून धुणं मात्र बंद! त्यानं राखणदार आणखी जातात."

लताबाईंनी चाचरत विचारलं, "मग बाई, हे बाहेरख्यालीपणानं होतं का?"

"जोडीदार नवा असला, एकाहून जास्त असले, तर जास्त दिसतं. पण एका नवऱ्याशी नांदणाऱ्या बाईलाही होतं. वासावरून कोण कुणाकडे गेलं ते कळत नसतं, लताबाई."

लताबाईंना मैना आठवली. त्याच दिवशी त्यांनी मला उतरवून अडगळीत टाकलं. बरंच केलं. मग त्या साहेबांकडे जाऊन भांडून आल्या. साहेब म्हणाले म्हणे, "तेव्हा सगळेच डूश देत होते."

मित्रांनो, असा त्रास झाला तर लपवू नका, धूत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या बाईवर आळ घ्यायच्या आधी तिला नीट तपासून घ्या.

साहेब, सगळेच डूश देत होते, कबूल. माझं पाप मी नाकारत नाही. पण "तुझ्या बायकोलाच विचार" हे तुमच्या कुठल्या पुस्तकात लिहिलं होतं? उत्तर द्या. मला नको. देवळ्याला जा, आणि मैनासमोर उभं राहून द्या.