तीनदा कळवलेली गाडी

मित्रांनो, मी एक जुनी डिझेल गाडी. जुनी म्हणजे मोडकी नव्हे हं! पाठ लांब, पोट मोठं, आवाज थोडा खरखरीत, आणि सकाळी उठायला जरा वेळ लागतो. तुमच्या घरातही असं एखादं माणूस असेलच. त्याला तुम्ही भंगारात काढता का? नाही ना? मग माझीही गोष्ट ऐका.

कारखान्यातून मी बाहेर पडले तेव्हा माझ्या दारांत बघून तुम्ही भांग पाडू शकला असता, इतकी मी चकचकीत होते. पहिला मालक मला फक्त ऑफिसला न्यायचा आणि सावलीत उभी करायचा. मी अगदी कंटाळून गेले होते. मग त्याने मला विकलं आणि मी मधवाल्या ताईंच्या अंगणात आले. तिथे मात्र माझ्या आयुष्याचं सोनं झालं!

ताई मधमाश्या पाळतात. अंगणाच्या कडेला त्यांच्या लाकडी मधपेट्यांची रांग आहे. घरात ताई, त्यांचे वडील, ज्यांना सगळे बाबा म्हणतात, आणि ताईंचा धाकटा भाऊ. या भावाला लहानपणापासून एकच नाव पडलंय, सुसाट. तो चालत नाही, सुटतो. दरवर्षी डोंगरमाथ्यावर रानफुलं फुलली, की पेट्या ट्रेलरवर चढवायच्या, ट्रेलर मला जोडायचा आणि ऊन तापायच्या आत वर पोचायचं. फुलं थोडेच दिवस टिकतात. उशीर झाला तर उन्हात बंद पेट्यांमध्ये माश्या गुदमरतात, आणि वर पोचलोच नाही तर त्या वर्षीचा मध गेलाच म्हणून समजा.

या घराची एक गंमत सांगते. कुणीच कुणावर विसंबत नाही. निघण्यापूर्वी पेट्यांच्या दारांना जाळ्या लावतात. ताई सगळ्या जाळ्या तपासतात. मग बाबा काठी टेकत येतात आणि पुन्हा तपासतात. त्यांची पाठ वळली की सुसाट येतो आणि तोही तपासतो. याला कारण आहे. एकदा "तू बघितलंस ना?" "मला वाटलं तू बघितलंस!" या घोळात एक जाळी उघडी राहिली आणि अर्ध्या वाटेत मधमाश्या माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसल्या. सुसाट खिडकीतून बाहेर पडला होता. दाराने नाही, खिडकीतून! मी आठवून आठवून अजून हसते.

पण मित्रांनो, वय कुणाला चुकलंय? गेल्या वर्षी चढावर मला धाप लागली. मागे भरलेला ट्रेलर, पुढे वळणावर वळण, आणि मी आपली रडतखडत चाललेय. मागच्या गाड्या पोंपों करत होत्या. कशीबशी वर पोचले, पण ताईंनी उतरल्यावर पेट्यांना कान लावला, तर आतली गुणगुण मंदावली होती. त्यांचा चेहरा पडला.

"पुढच्या वर्षी हिला जमेल असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "विकावी लागेल बहुतेक."

मला रडूच आलं. म्हणजे वायपर आपोआप फिरले, वायरिंगचा दोष म्हणा हवं तर.

सुसाट मात्र उडी मारून म्हणाला, "अगं विकतेस काय! ट्यूनिंग करू या. जवान होईल बघ!"

ट्यूनिंग म्हणजे काय, ते सांगते. माझ्या इंजिनाला एक छोटा मेंदू आहे. किती डिझेल घ्यायचं, किती हवा ओढायची, हे तो ठरवतो. ट्यूनिंगवाल्या मावशी लॅपटॉप जोडून त्या मेंदूला नवे धडे देतात. त्यांनी आमच्या अंगणात येऊन आधी माझे ब्रेक, क्लच सगळं तपासलं आणि दोन प्रकार समोर ठेवले, एक जोरदार आणि एक सौम्य.

"जोरदारच!" सुसाट म्हणाला. "करायचंय तर दणक्यात करू."

"तू गप्प बस रे," ताई म्हणाल्या. "माझ्या माश्यांना विचारू."

मावशी बघतच राहिल्या. ताईंनी खरोखरच एक पेटी आणून माझ्या पोटात ठेवली. आधी जोरदार धडे दिले. बापरे! मी अशी उधळले की सुसाटची टोपी मागच्या सीटवर गेली. मागून काळा धूर, अंगाला थरथर. मला तर फार मजा आली, खोटं कशाला बोलू! पण थांबल्यावर ताईंनी पेटीला कान लावला, तर आत नुसता कल्लोळ. माश्या भयंकर चिडल्या होत्या. मग सौम्य धडे दिले. मी अंगणामागचा चढ चढले, दम लागला नाही, धूर नाही, थरथर नाही. ताईंनी पुन्हा कान लावला. आत संथ गुणगुण चालली होती.

"झालं," ताई हसल्या. "हेच करा."

सुसाटने जरा नाक मुरडलं. तेवढ्यात बाबांनी विचारलं, "आणि विम्याचं काय?"

"त्यांना कशाला सांगायचं?" सुसाट म्हणाला. "इंजिनाच्या पोटात कोण डोकावतंय?"

"अरे, विमा म्हणजे कंपनीने दिलेला शब्द," बाबा म्हणाले. "तो शब्द जुन्या गाडीला दिलाय. गाडी बदलली आणि आपण सांगितलं नाही, तर उद्या ते म्हणतील, ही आमची गाडीच नव्हे. मग बस बोंबलत."

मावशींनीही मान डोलावली. जोरदार ट्यूनिंगला पुष्कळ कंपन्या नाहीच म्हणतात, सौम्यला हप्ता थोडा वाढवून हो म्हणतात, पण आधी विचारावं लागतं, असं त्या म्हणाल्या. ताईंनी सुसाटकडे बोट दाखवलं. "हौस तुझी आहे, फोन तू करायचा. कंपनी हो म्हणेपर्यंत गाडी अंगणातून हलणार नाही."

"करतो गं!"

दुसऱ्या दिवशी सुसाट माझ्यात येऊन बसला. फोन काढला. माझ्याकडे बघितलं. फोन परत खिशात ठेवला आणि उतरून गेला! माझं इंजिन गार पडलं. नंतर चार दिवसांनी ताई मला बाहेर काढू लागल्या, पण फोनचा विषय माझ्यासमोर कुणी काढला नाही.

आणि मग तो वारा आला. फुलं फुलायला थोडेच दिवस उरले असताना अंगणातल्या झाडाची भली मोठी फांदी कडाडली आणि थेट माझ्या तोंडावर पडली. बॉनेट चेपलं, काच फुटली, दिवे गेले. एवढी दुरुस्ती विम्याशिवाय त्यांना झेपणारी नव्हती. विमा नाही म्हणजे मी भंगारात आणि पेट्या अंगणात, एवढं मला कळत होतं.

विमा कंपनीचे सर्व्हेअर आले. शांत गृहस्थ. त्यांनी फोटो काढले आणि स्टिअरिंगखाली आपलं यंत्र जोडलं.

"या इंजिनाची ताकद वाढवलेली दिसतेय," ते म्हणाले.

ताई काही सांगायला पुढे झाल्या. सुसाट पायातल्या चपलेकडे बघत होता. अरे देवा, मी म्हटलं, संपलं सगळं!

सर्व्हेअरनी त्यांच्या फोनवर काहीतरी वाचलं आणि ते चक्क हसायला लागले.

"तुमच्याकडून हे तीनदा कळवलंय! आधी एका बाईंनी, हप्त्याचा फरकही भरला. मग एका आजोबांनी. मग एका तरुणाने. नोंद झालीय असं सांगूनसुद्धा त्याने इंजिनाचं इतकं कौतुक केलं, की आमच्या फोनवरच्या बाईंनी तेही लिहून ठेवलंय."

ताई सुसाटकडे वळल्या. "तू केलास फोन?"

"केला म्हणजे काय! मला वाटलं, नोंद बाबांनी केली."

"मला वाटलं, ताईने तुझा कान धरून करून घेतली," बाबा म्हणाले. "पण खात्री नको का करायला?"

"मग गाडीत बसून करायचा सोडून कुठे गेला होतास?" ताईंनी विचारलं. "मी खिडकीतून बघत होते. म्हणून तर मी केला!"

सुसाटचे कान लाल झाले. "ट्रेलरमागे गेलो होतो, पण फोन लागला तो संध्याकाळी. त्यांनी गाडीचं वय विचारलं असतं, आणि चढावर दम लागतो हेही सांगावं लागलं असतं. तिच्यासमोर कसं बोलणार?"

मित्रांनो, माझे दिवे फुटलेले होते, म्हणून बरं. नाहीतर भर दुपारी सगळे लागले असते!

विमा मंजूर झाला. मला नवं बॉनेट आलं, नवी काच आली. फुलं फुलली त्या पहाटे ताईंनी जाळ्या तपासल्या, बाबांनी तपासल्या, सुसाटने तपासल्या, आणि मी भरला ट्रेलर घेऊन गाणं म्हणत डोंगर चढले. वर पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. जाळ्या काढल्या आणि माश्या फुलांवर सुटल्या, अगदी सुसाट!

तेव्हा एवढंच सांगणं आहे. आम्हा गाड्यांची ताकद जरूर वाढवा, पण आम्हाला झेपेल इतकीच. आमच्या पोटात काही बदललंत, तर आम्हाला रस्त्यावर नेण्याआधी विमा कंपनीला सांगा. एकदा सांगितलं तरी पुरतं, आमच्याकडे तीनदा सांगतात.

आणि आमचं वय सांगायची वेळ आली, तर जरा ट्रेलरमागे जाऊन सांगा.