धर्माचा रकाना

नवरा सखाराम गेला तेव्हा प्रभावतीला धड रडूही दिलं नाही कुणी. मंडणगडच्या दवाखान्यात कारकुनाने मृत्यूचा फॉर्म पुढे ओढला आणि विचारलं, "धर्म?"

झाली का पंचाईत! घराणं छप्पन्न सालापासून बौद्ध. पण सात वर्षांपूर्वी लोटे गावच्या कंपनीत पाळीला असताना सखाराम तिथल्या ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जायला लागला, बाप्तिस्मा घेतला आणि त्याची दारू सुटली. कायमची सुटली! तेवढ्यासाठी प्रभावतीने येशूला मनापासून हात जोडले होते. कागदावर मात्र सगळे बौद्धच राहिले, मंडळीच्या रजिस्टरातही तिने त्याचं नाव घालू दिलं नाही. लेक आम्रपाली राखीव जागेवर तलाठी झालेली, आणि ख्रिस्ती माणसाच्या पोरीला जातीचा दाखला कोण देणार? तिची जात पडताळणी अजून अडकलेलीच होती.

शेवटच्या आठवड्यात सखारामचं एकच मागणं होतं. "मला जाळू नको गो. प्रार्थना करून मातीत ठेव."

तिने दवाखान्यातूनच मंडळीच्या पाळकांना फोन लावला. "नोंद न करता पुराल का हो?"

पाळक शुभंकर भला माणूस. देवाच्या राज्याला तहसीलदाराचा शिक्का लागत नाही, असं दर रविवारी ठणकावून सांगायचा. आता तो खाकरला. "प्रभाताई, दफनभूमी सरकारी परवानगीवर आहे. रजिस्टरात नाव चढल्याशिवाय खड्डा खणता येत नाही. सरकारचं ऐकावं, असं शास्त्रातच आहे."

"मग रविवारी काय सांगता?"

"ते आत्म्याबद्दल."

"आणि मढ्याचं काय करू?" तिचा आवाज चढला. तिने फोन ठेवून दिला.

"आई, मी लिहिते ख्रिस्ती. गेली नोकरी तर गेली," शेजारी उभी असलेली आम्रपाली फॉर्म आपल्याकडे घेत म्हणाली खरी, पण पोरीच्या हातातलं पेन काही पुढे सरकेना. प्रभावतीने ते पाहिलं.

"बौद्ध," ती कारकुनाला म्हणाली.

दुपारी बौद्धवाडीतली माणसं जमली, त्रिसरण झालं, चिता रचली. पाळकही आला होता, साधा शर्ट घालून, गर्दीच्या मागे. प्रभावती त्याच्याजवळ गेली. "पेटवायच्या आधी जवळ जाऊन दोन शब्द पुटपुटा. कुणाला ऐकू जायला नको."

"इथूनच म्हणतो, मनातल्या मनात," तो इकडेतिकडे बघत म्हणाला. "कुणी धर्मांतराची तक्रार केली तर मंडळीच बंद पडेल."

"मनातल्या मनात मीही म्हणतेय," प्रभावती म्हणाली. "त्याला पाळक कशाला लागतो? जा घरी."