एकशे बारा नंबरचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना शंटिंगवाला आहे. म्हणजे वाफेचं बुटकं इंजिन. लांबच्या प्रवासाचा मान दुसऱ्यांना. मी आपला यार्डात डबे जोडायचे, सोडायचे आणि ढकलायचे. कपाळावर नंबर एकशे नऊ.

दुसरं महायुद्ध चाललं होतं तेव्हा मी जन्मलो. घाई इतकी, की एकाच नकाशावरून आम्हा शेकडो भावंडांना कारखान्यातून बाहेर काढलं. सगळ्यांचं नाक सारखं, चाकं सारखी, बोल्टसुद्धा सारखे. मला याचा फार राग यायचा. अहो, चारचौघांत आपली म्हणून काही ओळख नको का? ड्रायव्हर "सगळी सारखीच" म्हणाला, की मी मुद्दाम त्याच्या सदऱ्यावर काजळी उडवायचो.

पर्शियन आखाताच्या वरच्या टोकाला एका बंदरात मी तीस वर्षं राबलो. मग डिझेलची इंजिनं आली आणि आम्हाला कडेच्या रुळावर उभं केलं. तेलाचा थेंबही कोणी घातला नाही. उन्हाचं काही वाटत नव्हतं, पण विसरले गेलो याचं वाईट वाटायचं. दोन हजार एक साली मला आणि माझा भाऊ एकशे बारा याला जहाजातून दुबईजवळच्या अजमानला आणलं, युसुफभाईंच्या भंगाराच्या यार्डात. भावाला आधी कापलं. माझ्या डोळ्यांदेखत.

तिथले फोरमन रामचंद्र. पूर्वी भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते. त्यांनी सवयीने माझ्या चाकांवर हातोडी वाजवली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "तडा नाही कुठे. युसुफभाई, ये काटने की चीज नहीं है."

"एक पार्कवाला इंजिन माँग रहा है," युसुफभाई म्हणाले. "लेकिन पहिया घूमना चाहिए. शनिवार को घूमा तो उसका. नहीं तो कटर, खलास."

माझी अडचण अशी, की डावीकडची तिन्ही चाकं एकत्र बांधणारा पोलादी दांडा कधीच चोरीला गेला होता. ढकललं की चाकं अडायची. शुक्रवारी, सुट्टी असूनही, रामचंद्र भंगाराचा ढीग उपसत बसले आणि त्यांना माझ्या भावाचा, एकशे बारा नंबर ठोकलेला डावा दांडा सापडला. क्रेनने उचलून लावायला गेले, तर तो चाकांच्या खुंट्यांवर चढेना.

क्रेनवाला अन्वर कानस घेऊन आला. "थोडा घिस दूँ, उस्ताद?"

"हाथ मत लगाना. ये सब भाई एक ही नाप के हैं." रामचंद्र ठाम बोलले खरे, पण चेहरा उतरला होता.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी हेमाताई जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांनी दांड्याच्या भोकात बोट फिरवलं.

"अहो, माप कुठे चुकलंय? आत रंगाचे थर बसलेत, तव्याला राप बसतो तसे. आधी खरवडा, मग नशिबाला बोल लावा."

"रेल्वेत मी होतो की तू?"

"रंग काढायला रेल्वे कशाला लागते?"

मग रॉकेल, चिंध्या आणि डब्यातला चमचा. हा भावाचा राखीव दांडा, कधी चढवलाच नव्हता, आणि दरवर्षी रंगवणाऱ्यांनी त्याची भोकंसुद्धा सोडली नव्हती. काळा निघाला, हिरवा निघाला, आणि सगळ्यात खाली युद्धाच्या वेळचा मातकट रंग. संध्याकाळी दांडा पुन्हा उचलला आणि तो अलगद बसला. कानस बाजूलाच पडून राहिली.

शनिवारी यार्डातल्या रुळांच्या तुकड्यावर मला ओढलं. चाकं फिरली. युसुफभाई "माशाल्ला" म्हणाले आणि कटर गुंडाळून ठेवायला सांगितला. ज्या सारखेपणावर मी जन्मभर चिडलो, त्यानेच मला वाचवलं. मला रडू आलं असतं, पण बॉयलर कोरडा.

आता मी बागेत असतो. ट्रॅक्टर मला वीस हात पुढे नेतो, वीस हात मागे आणतो. म्हणजे शंटिंगच की! दर शुक्रवारी रामचंद्र तेलाचा डबा घेऊन येतात. दांड्यावरचा जुना नंबर काढून टाका, असं पार्कवाल्याने सांगितलं होतं. रामचंद्रांनी उलट तो घासून लखलखीत केला. एका मुलीने विचारलं, "अंकल, व्हाय टू नंबर्स?"

"एक याचा," ते म्हणाले, "आणि एक याच्या भावाचा."

मित्रांनो, जुनी वस्तू अडली तर लगेच कानस किंवा कटर उचलू नका. आधी मळ काढून बघा, थोडं तेल घाला. आणि कधी अजमानला आलात, तर मला हाक मारताना दोन्ही नंबर घ्या. मी एकटा चालत नाही.