डोंगरावर सोडलेली शेळी

"दादा, येतोस का जरा? ती अजून जिवंत आहे," धाकटा भाऊ दुकानाच्या पायरीखालूनच म्हणाला. बारा वर्षांत तो कधी पायरी चढला नव्हता. मांसाचा वास सोसत नाही म्हणे.

खाटकाने ओंडक्यावरचा सुरा थांबवला. "कोण जिवंत आहे?"

"शेळी."

कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या धाकट्याने चार दिवसांपूर्वी दुकानामागची शेळी सोडून नेली होती. नेताना भर गिऱ्हाइकांत थोरल्याला सुनावलं होतं, "क्रूरपणा फक्त माणसाला जमतो. निसर्गात तो नसतो." मग तिला डोंगरावर मोकळी करून तो समाधानाने घरी गेला होता. आज सकाळी फिरायला गेला, तेव्हा ती झुडपाखाली दिसली.

खाटकाने सुरी फडक्यात गुंडाळली आणि तो त्याच्या मागे निघाला.

शेळीची मागची मांडी कोल्ह्यांनी फाडली होती. जखमेत अळ्या वळवळत होत्या. एक डोळा कावळ्यांनी टोचून नेला होता. खाटकाची चाहूल लागताच तिने मान उचलली. महिनाभर पाला त्यानेच घातला होता.

धाकट्याने तोंड फिरवलं.

"इकडे बघ," खाटीक म्हणाला. "पोरांना शिकवतोस ना निसर्ग? हा बघ. याला घाई नसते."

"मला वाटलं होतं, ती..."

"तुला नुसतं वाटतं रे. वाटून झालं की तू मोकळा. डोकं धर तिचं. आवळू नकोस, मायेनं धर."

धाकट्याने डोकं धरलं. खाटकाने तिच्या उरलेल्या डोळ्यावर तळवा ठेवला, "झालं हं बाई, झालं," असं पुटपुटला आणि एका ओढीत सुरी फिरवली.

खाटीक सुरी गवताला पुसत असताना धाकट्याने विचारलं, "फार दुखलं असेल का रे?"

"तीन दिवस."

"म्हणजे तू करतोस तेच बरोबर?"

"मी कधी म्हणालो तसं? रोज पहिल्या जनावराला माझा हात जड होतो. पण लोक मला खाटीक म्हणतात आणि मी ओ देतो. तुला लोकांनी काय म्हणायचं?"

धाकट्याने खड्डा उकरायला एक चपटा दगड उचलला. खाटकाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. कपडे मळतील."

आणि गुडघे टेकून तो एकटाच माती उकरू लागला. धाकटा शेजारी उभा राहिला. रिकाम्या हातांचं काय करावं, हे त्याला कळेना.