बाईसाहेबांचा बूट

मावशी आयुष्यात पहिल्यांदा सुट्टीवर निघाली, तीही भाचीच्या आग्रहाखातर. तीस वर्षं तिने बॅगा शिवल्या आणि आता दुकान मुलाच्या हाती देऊन मोकळी झाली होती. मोकळी म्हणजे काय, तर रोज सकाळी दुकानात जाऊन त्याच्या टाक्यांना नावं ठेवायची. भाची जनावरांची डॉक्टर, सोडवून आणलेल्या हत्तींच्या आश्रयस्थानात नोकरीला. आठ दिवस ये, जरा हवापालट होईल, असं ती म्हणाली.

हवापालट झाला खरा. पाहुण्याला नुसतं बसवून ठेवायची तिथे रीतच नव्हती. पहिल्या दिवशी मावशीने भोपळे चिरले, दुसऱ्या दिवशी शेण उचललं, आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्याच्या शेडमध्ये तिची बाईसाहेबांशी गाठ पडली.

ओंडके ओढण्यात हयात गेलेली ही म्हातारी हत्तीण. पुढच्या उजव्या पायाच्या तळव्याला जखम होती. भाची रोज तो पाय औषधाच्या पाण्यात बुडवून पट्टी बांधायची आणि बाईसाहेब अर्ध्या तासात ती सोडून टाकायच्या. उघड्या जखमेत माती जाई, जखम पुन्हा चिघळे. सगळे उपाय करून झाले, असं माहुताने हताशपणे सांगितलं.

मावशीचे हात शिवशिवले. "जाड ताडपत्री मिळेल का?" तिने विचारलं.

पहिला बूट ताडपत्रीचा, टायरच्या तळाचा, बाजूला भक्कम चेन लावलेला. बाईसाहेबांनी सोंडेने ती चेन अशी सर्रकन ओढली, की जणू जन्मभर बॅगाच उघडत आल्या होत्या. दुसऱ्याला मावशीने वर दोन जाड पट्टे आणि चार बकलं लावली. बाईसाहेबांनी ती एकेक करून सोडवली आणि बूट अदबीने माहुताच्या हातात दिला. सगळे पोट धरून हसले.

"गिऱ्हाईक चोखंदळ आहे," मावशी म्हणाली, पण मनातून खट्टू झाली.

दुसऱ्या दिवशी तिने सुईला हात लावला नाही. माहुताने दाखवलेल्या अंतरावर बादली पालथी घालून सकाळभर नुसती बघत बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की सोंड तळव्याकडे जातच नाही. ती फिरून फिरून घोट्यावर येते, जिथे पट्टा आवळला जातो तिथे. तिने माहुताला विचारलं. त्याने पायावरची धूळ पुसली. घोट्याभोवती बोटभर रुंदीचं गुळगुळीत कडं उमटलेलं होतं.

"साखळदंडाचं आहे," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तरी होता."

मावशीने ते कडं नीट न्याहाळलं. मग म्हणाली, "आणि मी शहाणी, नेमका तिथेच पट्टा आवळत होते."

तिसरा बूट तिने बुटका केला, त्या कड्याच्या खाली संपणारा. भार पडला की हत्तीचं पाऊल पसरतं, म्हणून माप उभ्या पायाचं घेतलं. आत जुन्या रजईचं अस्तर लावलं. पुढून नाडी ओवून तिची गाठ झडपेखाली दडवली. आवळणारं काहीच ठेवलं नाही.

बूट चढवल्यावर सोंड आली. आधी नाडी हुंगली, मग वर सरकून घोट्यावर थांबली. भाचीने श्वास रोखून धरला. घोटा मोकळा आहे याची नीट खात्री करून घेतल्यावर बाईसाहेबांनी पाय खाली टेकवला आणि सरळ भोपळ्यांच्या ढिगाकडे चालू लागल्या. माहुताने डोळे पुसले. धूळ गेली म्हणाला.

आठ दिवसांचे सहा आठवडे झाले. एवढ्या दिवसांत तीन बूट झिजले आणि जखम भरून आली. बूट कायमचा काढला त्या सकाळी बाईसाहेब तळ्यात उतरल्या आणि काठावर उभ्या असलेल्या मावशीला त्यांनी सोंडभर पाण्याने डोक्यापासून पायापर्यंत न्हाऊ घातलं. भाची टॉवेल घेऊन धावली.

मावशीने तो घेतला नाही. "राहू दे गं," ती म्हणाली, "अजून एकदा उडवते का बघू."