किमितोराची मूठ

श्रावणात नरडाण्याच्या बाजूने ढगाची सावली शिवारावरून सरकत येते, पीक क्षणभर काळं पडतं आणि पुन्हा हिरवं होतं, तेव्हा मला माझी लेक इंदू दिसते. मारुतीच्या ओट्यावर उभी, उजवा हात आभाळाकडे, आणि बोटाच्या दिशेने वीस पोरांच्या माना एकदम वळलेल्या. "पहा, चालली किमितोरा. तिचा पदर लोळतोय."

किमितोरा नावाची कुणी नव्हती. फवारणीच्या पंपाच्या खोक्यावर ते नाव होतं, जपानी वाटणारं. दहावी झालेल्या इंदूने अक्षरं जुळवून वाचलं आणि दोन दिवस बोरासारखं तोंडात घोळवलं. खरी बाई आहे का ही, मी विचारलं. "माय, नाव आयतं मियनं. बाई मी बनाडी," म्हणाली आणि हसली. नवऱ्याने परत धाडल्याला वर्ष झालं होतं, त्यात हे पहिलं हसणं. मी डोळे वगैरे पुसले नाहीत. चुलीवर दूध होतं.

गावाने तिला महिनाभराच्या बोलीवर बालवाडी दिली होती. पोरं टिकली नाहीत तर दुसरी बाई ठेवू, असं तोंडावर सांगून. पोरं अर्ध्या तासात घरी पळत. किमितोराने ती बसवली. इंदू सांगे, ती निंबाहून उंच, तिच्या नऊवारीचं एक टोक जपानच्या समुद्रात भिजलेलं, दुसरं आमच्या शिवारात वाळत पडलेलं. एकेक पोर म्हणजे तिच्या पायातलं एकेक जोडवं. एक जरी आलं नाही तरी ती लंगडते. मग घरी राहतंय कोण? इंदूचा आवाज मोठा नाही, पण जात्यातून पीठ पडावं तसा बारीक, सारखा, न तुटणारा.

मग कानबाईचा, आमच्या श्रावणातल्या देवीचा, सण आला. तिच्या रोटाचे, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू आमच्याकडे मुठीने मोजतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. बायांची मूठ नसते. शेजारच्या गंगूअक्काचा नातू सुपाशी अडून बसला, किमितोराची मूठ टाक म्हणून. अक्का तरातरा आमच्या दारात.

"तुनी पोरनी नवी देवी काढी व! सकायपाईन मना नातू येवाव नही."

अक्काचा नातू थांबला की सगळी गल्ली थांबणार. इंदू भिंतीला टेकली. एरवी आभाळात असणारा तिचा हात पदरात गुंडाळला गेला.

मी चारच बुकं शिकले. भांडायला तेवढी पुरतात. "अक्का, मूठ मना गहूमाईन जाई. तुनं काय जास?" मी तिच्यासमोर माझ्या सुपात सव्वा मूठ टाकली. "हाई किमितोरानी." मग आणखी सव्वा. "आनि हाई इंदूनी."

अक्का सुपाशी टेकली. साठ वर्षं तिने सासरचे रोट भाजले होते, स्वतःच्या नावाची एकही मूठ नसताना.

"टाकीच राहिनी ते मनी बी टाक," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर वीस पोरं होती. अक्काचा नातू सगळ्यांत पुढे.

बालवाडी इंदूचीच राहिली. पुढे ती धुळ्याला मोठ्या बालवाडीवर गेली, पोरं सुरतेला पांगली, अक्का वारली. ओट्यावर दुपारी आता नुसतं ऊन बसतं. सावली तेवढी येते, कुणी बोट दाखवो न दाखवो. दर श्रावणात मी सूप पुढ्यात ओढते आणि गहू मोजते. माणूस निघून गेलं म्हणून त्याची मूठ मी वगळत नाही.